शोवा पर्वाचे दहा हजार येनचे चांदीचे नाणे: एका संग्राहकाचे परीक्षण

जपानच्या सम्राटांच्या कारकिर्दीचे टप्पे साजरे करण्यासाठी तेथील सरकारने आजवर अनेक स्मारक नाणी काढली आहेत, परंतु १९६४ नंतरच्या आधुनिक मालिकेत अशा निमित्ताने चांदीत पाडलेले नाणे एकच आहे. सम्राट हिरोहितो यांच्या राजवटीला, म्हणजेच शोवा पर्वाला, साठ वर्षे झाल्याबद्दल १९८६ साली आलेले दहा हजार येनचे हे नाणे आज पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत आणि ऑनलाइन विक्रीत अधूनमधून दिसते आणि त्याची माहिती देताना विक्रेते बऱ्याचदा अर्धवट, तर कधी चुकीचे सांगतात. माझा अभिप्राय आधीच नोंदवतो. नाणे म्हणून ते उत्तम आहे, धातूच्या बाबतीत चोख आहे, त्याची आखणी संयमी आणि देखणी आहे. पण ते दुर्मीळ नाही आणि दुर्मीळ असल्याच्या नावाखाली जी किंमत मागितली जाते ती देण्याचे काहीही कारण नाही.

प्रथम प्रत्यक्ष नाण्याविषयी. वजन २० ग्रॅम, व्यास ३५ मिलिमीटर आणि चांदीची शुद्धता हजारात ९९९. तळहातावर ठेवले की ते आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा मोठे भासते, कारण ब्रिटिश काळातला रुपया एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि हे नाणे पावणेदोन तोळ्यांच्या जवळ जाते. एका बाजूस उगवता सूर्य आणि शुभ मानला जाणारा पक्षी आहे, तर दुसऱ्या बाजूस शेवंतीचे सोळा पाकळ्यांचे राजचिन्ह आहे. जपानमध्ये नाण्याची दर्शनी बाजू कोणती हे कायद्याने ठरवलेले नाही. ज्या बाजूस वर्ष असते ती मागची बाजू, असा संकेत टाकसाळ पाळते. त्यामुळे भारतीय संग्राहकाला जी बाजू राजचिन्हामुळे मुख्य वाटावी, ती जपानी सूचीत मागची म्हणून नोंदलेली सापडते. सूची आणि नाणे ताडून पाहताना हे लक्षात ठेवले तर गोंधळ होत नाही.

या नाण्यावर सम्राटांचा चेहरा नाही आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे सौंदर्य याच ठिकाणी आहे. ब्रिटन, थायलंड किंवा जुने संस्थानी भारत यांच्या नाण्यांची सवय असलेल्या माणसाला साठ वर्षांच्या राजवटीच्या स्मारकावर राजाची मुद्राच नसावी याचे नवल वाटते. पण जपानची ही रीत मेइजी काळापासूनची आहे. ओसाका येथील टाकसाळ १८७१ साली सुरू झाली तेव्हा नव्या सोन्याचांदीच्या नाण्यांसाठी धातुकारागीर कानो नात्सुओ यांनी जे ठसे घडवले, त्यांवर सम्राटांच्या मुखाऐवजी ड्रॅगन होता. पुढे ड्रॅगन गेला, तरी मुखचित्र आले नाही. सम्राटांची खूण म्हणून शेवंतीचे चिन्ह तेवढे राहिले. १९८६ च्या नाण्यातही तेच पाळले आहे. मधोमध शेवंती आहे, भोवती मोकळी जागा आहे आणि अक्षरांची गर्दी नाही. नव्या चांदीचा तो सपाट भाग तिरक्या उजेडात धरला की पाकळ्यांच्या कडा एकेक करून उठून येतात आणि नाणे थोडे फिरवताच त्या पुन्हा पृष्ठभागात मिसळून जातात. छापाचा उठाव फार उंच नसतानाही हा परिणाम साधला आहे, हे ठसा कोरणाऱ्यांचे कसब आहे.

नाण्यावरचे वर्ष शोवा ६१ असे आहे आणि प्रसंग मात्र साठ वर्षांचा आहे. यावरून अनेक खरेदीदार गोंधळतात; एका प्रदर्शनात तर हा टाकसाळीचा दोष आहे असे सांगून नाण्याची जास्त किंमत मागितलेली मी ऐकली आहे. त्यात दोष काहीच नाही. हिरोहितो २५ डिसेंबर १९२६ रोजी गादीवर आले आणि त्याच दिवशी शोवा पर्व सुरू झाले. जपानी गणनेत ते वर्ष संपायला उरलेले सात दिवस म्हणजे शोवाचे पहिले वर्ष, आणि १ जानेवारी १९२७ पासून दुसरे वर्ष लागले. त्यामुळे राजवटीची साठ वर्षे पूर्ण होत होती तेव्हा पर्वाचे एकसष्टावे वर्ष चालू होते. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. त्यानंतरच्या हेइसेइ पर्वासाठी १९८८ आणि सध्याच्या रेइवा पर्वासाठी २०१८ मिळवावेत. जपानी नाणी गोळा करणाऱ्याने या तीन बेरजा पाठ केल्या की बहुतेक आधुनिक नाण्यांचे वर्ष लागलीच सांगता येते.

राजाच्या गादीवर येण्यापासून वर्षे मोजण्याची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. १६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवछत्रपतींनी राज्याभिषेक शक सुरू केला आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो वापरला गेला. फरक एवढाच की आपला शक राजा बदलल्यावरही पुढे चालत राहिला. जपानमध्ये १८६८ पासून एका सम्राटाला एकच पर्व अशी व्यवस्था आहे आणि सम्राट बदलला की गणना पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू होते. हिरोहितो यांचे ७ जानेवारी १९८९ रोजी निधन झाले, दुसऱ्या दिवसापासून हेइसेइ पर्व लागले; ते ३० एप्रिल २०१९ रोजी संपले आणि १ मे पासून रेइवा सुरू झाले. म्हणजे हे नाणे पाडले गेले तेव्हा ज्या पर्वाचा गौरव चालला होता, ते तीन वर्षांच्या आतच इतिहासजमा होणार होते.

आता हे नाणे कोणत्या परिस्थितीत निघाले ते सांगायला हवे, कारण त्याशिवाय त्याची आजची किंमत समजत नाही. १९८६ साली एकूण तीन नाणी आली: एक लाख येनचे सोन्याचे, दहा हजार येनचे चांदीचे आणि पाचशे येनचे तांबे-निकेलचे. यांपैकी चांदीची एक कोटी नाणी पाडली गेली. एक कोटी गुणिले वीस ग्रॅम म्हणजे दोनशे टन चांदी होते आणि या नाण्यांचे एकत्रित दर्शनी मूल्य शंभर अब्ज येन भरते. इतक्या मोठ्या संख्येने पाडलेले आणि बहुतेक ठिकाणी न वापरता कपाटात जपून ठेवलेले नाणे पुढे दुर्मीळ कसे होईल? जपानमध्ये आजी-आजोबांच्या घरात अशी नाणी सर्रास सापडतात. 'मर्यादित आवृत्ती' हा शब्द या नाण्याच्या जाहिरातीत वाचला की मी पुढचे वाचत नाही.

लोकांना ही नाणी बँकांतून दर्शनी मूल्याला मिळाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दहा हजार येनची नोट द्यायची आणि दहा हजार येनचे नाणे घ्यायचे, इतका तो साधा व्यवहार होता. आपल्याकडे सरकारी टाकसाळी शंभर रुपये किंवा त्याहून अधिक दर्शनी मूल्याची जी चांदीमिश्रित स्मारक नाणी काढतात, ती दर्शनी मूल्याच्या कित्येक पटीने विकली जातात; ३५ ग्रॅमच्या त्या प्रसिद्ध शंभर रुपयांच्या नाण्यात चांदी निम्मीच असते. तेथे दर्शनी मूल्य नावापुरते राहते आणि नाणे भेटवस्तू होते. १९८६ च्या जपानी नाण्यात उलट स्थिती होती. तेव्हा आंतरराष्ट्रीय बाजारात चांदी औंसाला साडेपाच डॉलरच्या आसपास होती आणि डॉलर सुमारे १७० येनचा होता. त्या हिशेबाने नाण्यातली चांदी साधारण सहाशे येनची भरते. उरलेले नऊ हजारांहून अधिक येन हा सरकारच्या शब्दाचा भाग होता. सामान्य माणसाचा तोटा मात्र झाला नाही, कारण सरकारने तो शब्द पाळला आणि ते नाणे आजही दहा हजार येनला वैध आहे.

सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत याच फरकाने मोठा घोळ घातला. एक लाख येनच्या त्या नाण्यात वीस ग्रॅम चोख सोने होते आणि त्याची बाजारातली किंमत तेव्हा चाळीस हजार येनच्या आसपास होती. खरे सोने वापरून हुबेहूब नाणे पाडले तरी नगामागे साठ हजार येन सुटणार होते. १९९० साली युरोपमार्गे जपानमध्ये परत आलेली एक लाखाहून अधिक संशयित सोन्याची नाणी उघडकीस आली आणि ती टाकसाळीच्या पाकिटासारख्या पाकिटांत बंद होती. त्याच वर्षी हिरोहितो यांचे पुत्र सम्राट अकिहितो यांच्या राज्यारोहणासाठी पुन्हा एक लाख येनचे सोन्याचे नाणे निघाले, तेव्हा त्यात वीसऐवजी तीस ग्रॅम सोने घालण्यात आले. चांदीच्या नाण्यावर मात्र अशी वेळ आली नाही. मूल्य आणि धातू यांतले प्रमाण चांदीत आणखी व्यस्त असले, तरी एका नगामागचा नफा छोटा होता आणि लाखांनी नाणी पाडून ती खपवण्याची खटपट मोठी होती, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

१९९० पासून सम्राटांच्या निमित्ताने निघालेल्या नाण्यांत चांदी उरलीच नाही. अकिहितो यांच्या राजवटीची दहा, वीस आणि तीस वर्षे झाली तेव्हा १९९९, २००९ आणि २०१९ साली दहा हजार येनचे सोन्याचे आणि पाचशे येनचे साध्या धातूचे अशी जोडी आली. २०१९ च्या उत्तरार्धात सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणासाठीही तीच जोडी ठेवली गेली. या शेवटच्या सोन्याच्या नाण्यांची संख्या अवघी पन्नास हजार होती आणि दहा हजार येन दर्शनी मूल्याचे नाणे सुमारे १,४०,००० येनला विकले गेले. म्हणजे जपानी टाकसाळही आपल्या टाकसाळींच्याच वाटेला लागली. गर्भश्रीमंत संग्राहकासाठी सोने आणि इतरांसाठी पाचशे येनचे नाणे, अशी ही विभागणी मला आवडत नाही. मध्यमवर्गातल्या माणसाला थोडे मन घट्ट करून घेता येईल आणि तरीही मौल्यवान धातूचे असेल, असे नाणे शोवा पर्वाने दिले होते. हेइसेइ आणि रेइवा पर्वांनी ते दिले नाही. १९९३ साली तेव्हाच्या युवराजांच्या, म्हणजेच आताच्या सम्राटांच्या विवाहाप्रीत्यर्थ पाच हजार येनचे चांदीचे नाणे आले होते, पण ते विवाहाचे स्मारक आहे, पर्वाचे नव्हे.

किंमत किती द्यावी, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. या नाण्याला दोन आधार आहेत. पहिला आधार दर्शनी मूल्याचा: जपानमध्ये ते बँकेत भरता येते आणि दहा हजार येन खात्यात जमा होतात. येनचा दर साठ पैसे धरला तर ते सहा हजार रुपये झाले. खरेदीच्या दिवशी जो दर असेल त्याने हा आकडा पुन्हा काढावा. दुसरा आधार चांदीचा: नाण्यात वीस ग्रॅम चोख चांदी आहे, म्हणून सराफाच्या त्या दिवशीच्या ग्रॅमच्या दराला वीसने गुणले की धातूची किंमत निघते. चांदी ग्रॅमला पाचशे येनच्या वर गेली तर धातूची किंमत दर्शनी मूल्याला मागे टाकते. त्याखाली असेपर्यंत दर्शनी मूल्यच वरचढ राहते. या दोहोंतला जो आकडा मोठा, त्यावर टपाल, सीमाशुल्क आणि विक्रेत्याचा वाजवी नफा एवढेच जोडावे. त्यापुढची प्रत्येक रक्कम म्हणजे हौसेची किंमत आहे. हौसेला माझा विरोध नाही, पण ती किती आहे हे खरेदीदाराला माहीत असावे.

दर्शनी मूल्याच्या आधाराला एक मर्यादा आहे आणि भारतातले विक्रेते ती सांगत नाहीत. परकीय चलनाचा व्यवहार करणारी आपल्याकडची दुकाने नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. त्यामुळे हा आधार जपानमध्ये जाणाऱ्या माणसालाच उपयोगी पडतो. तेथेही दुकानातल्या गल्ल्यावर किंवा यंत्रावर हे नाणे चालवायला जाऊ नये. यंत्र ते ओळखत नाही आणि तरुण कर्मचाऱ्याने ते कधी पाहिलेलेही नसते. बँकेच्या खिडकीवर द्यावे, हाच सरळ मार्ग आहे. तोक्योच्या निशिकासाई भागात किंवा अन्यत्र आपले कोणी नातेवाईक राहत असतील, तर त्यांना तेथील नाण्यांच्या दुकानातून हे नाणे घ्यायला सांगणे भारतातल्या ऑनलाइन खरेदीपेक्षा निश्चित स्वस्त पडते. इतकी विपुल संख्या असल्यामुळे तेथे हे नाणे दीर्घकाळ दर्शनी मूल्याच्या जवळपासच विकले जात आले आहे. भारतात आणताना सीमाशुल्काचा नियम मात्र आधी नीट विचारून घ्यावा, कारण मौल्यवान धातूंच्या आयातीचे नियम वरचेवर बदलतात.

नाण्याच्या स्थितीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण एकाच वर्षाच्या आणि एकाच छापाच्या दोन नाण्यांत येथे जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ही नाणी मुळात पारदर्शक प्लास्टिकच्या बंद पाकिटात दिली गेली होती. पाकीट न उघडलेले नाणे सर्वांत चांगले, पण ते निर्दोष असेलच असे नाही. एक कोटी नाणी पाडताना ती एकमेकांवर आपटतातच आणि चोख चांदी मऊ असल्यामुळे टाकसाळीतच तिला बारीक खाचा पडतात. शेवंतीभोवतीचा मोकळा भाग हा या नाण्याचा आरसा आहे. दोष असला तर तो तेथे आधी दिसतो. भिंगाखाली पाहताना खाच आणि ओरखडा यांतला भेद ओळखायला शिकावे. खाच बोथट, एकेकटी आणि कोणत्याही दिशेला असते. पुसण्याचे ओरखडे केसासारखे बारीक, एकमेकांना समांतर आणि पुंजक्याने असतात. खाच टाकसाळीची म्हणून चालवून घेता येते, ओरखडे मात्र माणसाच्या हाताचे असतात आणि त्यांनी किंमत उतरते. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'न हाताळलेले' म्हणून पाठवलेल्या नाण्यावर असे समांतर ओरखडे सूर्याच्या बाजूने सरळ खाली गेलेले होते. छायाचित्रात नाणे समोरून उजळून घेतल्यामुळे ते दिसत नव्हते. तेव्हापासून मी विक्रेत्याकडे तिरक्या उजेडात काढलेले छायाचित्र मागतो आणि ते देण्यास नकार आला तर तो व्यवहार सोडून देतो.

चांदी काळवंडते ही तिची प्रकृती आहे. बंद पाकिटातल्या नाण्यांवरही काठाच्या बाजूने हलका पिवळसर किंवा निळसर रंग चढलेला आढळतो. तो समान आणि सौम्य असेल तर मला तो शोभेचाच वाटतो. चिंता करावी ती हिरवट, चिकट थराची. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या खिशांत वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यांवर तो दिसतो आणि धातूला खातो. आपल्या कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमट हवेत ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. नाणे कडक प्लास्टिकच्या गोल डबीत ठेवावे, सोबत ओलावा शोषणारी पुडी असावी आणि पावसाळ्यापूर्वी ती पुडी बदलावी. लाकडी कपाट, लोकरी कापड, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्यापासून चांदी दूर ठेवावी.

आणि ते घरच्या हाताने घासू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. देवघरातली निरांजने आणि ताम्हण चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावून लख्ख करण्याची सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि रोजच्या वापरातल्या भांड्यांसाठी ती योग्यही आहे. पण नाण्याच्या पृष्ठभागावर टाकसाळीच्या दाबाने आलेली जी चमक असते, ती एकदा घासली गेली की परत येत नाही. नाणे अधिक पांढरे दिसू लागते, घरचे खूश होतात आणि संग्राहकाच्या लेखी ते फक्त वीस ग्रॅम चांदी उरते. उचलतानाही दोन बोटांनी काठ धरावा; बोटाच्या तेलकट ठशाचा डाग काही महिन्यांनी वर येतो आणि कायमचा राहतो.

नाणे खरे की खोटे हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. मुलामा दिलेल्या नकला बाजारात फिरतात, पण वजन, व्यास आणि घनता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे स्वस्त नकलेला जमत नाही. वजन २० ग्रॅम आणि व्यास ३५ मिलिमीटर हे तर पाहावेच. त्याशिवाय ओळखीच्या सराफाकडे बारीक तराजू असतो, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. चांदीची घनता १०.४९ असल्यामुळे तराजूने १.९१ ग्रॅमच्या अगदी जवळ दाखवले पाहिजे. आकडा २.२ च्या पुढे गेला तर आत पितळ किंवा तांबे-निकेल आहे असे समजावे. नाणे पाण्यात घालायचे तर अर्थातच ते पाकिटाबाहेर हवे. बंद पाकिटातल्या नाण्यासाठी विश्वासू विक्रेता हाच उपाय आहे. चाचणीनंतर नाणे मऊ सुती कापडावर ठेवून आपोआप वाळू द्यावे, पुसू नये.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार नकलांहून अधिक पसरलेला आहे. जपानमध्ये राज्यारोहण, पर्वबदल, राजघराण्यातले विवाह अशा प्रसंगी खासगी उत्पादक चांदीची पदकेही काढतात. ती उत्तम चांदीची असू शकतात, दिसायला नाण्यापेक्षाही भारदस्त असतात, लाकडी पेटीत येतात आणि आपल्याकडे 'रेइवाचे चांदीचे नाणे' म्हणून विकली जातात. ओळख सोपी आहे: नाण्यावर देशाचे नाव आणि येनमध्ये मूल्य असते, पदकावर मूल्य नसते. मूल्य नसेल तर दर्शनी मूल्याचा आधार नाही आणि फक्त चांदीची किंमत राहते. १९१५ आणि १९२८ च्या राज्यारोहणांच्या वेळी दिली गेलेली चांदीची सरकारी पदके हा वेगळा आणि अभ्यासण्याजोगा विषय आहे, पण तीही नाणी नव्हेत.

ज्यांना हे नाणे एखाद्या जोडीदारासह संग्रहात ठेवायचे आहे त्यांनी १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचे एक हजार येनचे चांदीचे नाणे पाहावे. त्याचेही वजन २० ग्रॅम आणि व्यास ३५ मिलिमीटरच आहे, शुद्धता मात्र हजारात ९२५ आहे, आणि त्यावर फुजी पर्वत व चेरीची फुले आहेत. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की बावीस वर्षांत जपान कोठून कोठे गेला हे कळते: आकार तोच, वजन तेच आणि दर्शनी मूल्य दहापट. कलेच्या दृष्टीने ऑलिंपिकचे नाणे मला किंचित सरस वाटते, कारण त्यातला फुजी एका नजरेत मनात भरतो. शोवाचे नाणे हळूहळू आवडत जाते. २००८ पासून जपानच्या ४७ प्रांतांसाठी निघालेली रंगीत चांदीची एक हजार येनची नाणी ३१.१ ग्रॅमची आणि अधिक चकचकीत आहेत, पण चांदीवर छापलेला रंग मला रुचत नाही. ज्यांना चित्रे आवडतात त्यांनी ती जरूर घ्यावीत.

खरेदीपूर्वी नाणे प्रत्यक्ष पाहण्याची संधी ज्यांना आहे, त्यांनी ओसाकाच्या टाकसाळीचे संग्रहालय चुकवू नये. १९११ च्या विटांच्या इमारतीत ते आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. मेइजी काळातली ड्रॅगनची नाणी आणि नंतरची स्मारक नाणी तेथे एका फेरीत पाहता येतात. एप्रिलमध्ये जाणार असाल, तर टाकसाळीच्या आवारातला चेरीच्या झाडांचा रस्ता वर्षातून साधारण आठवडाभर लोकांसाठी खुला असतो. ही प्रथा १८८३ पासूनची आहे. त्या दिवसांत गर्दी फार असते, म्हणून नाण्यांसाठी जाणाऱ्याने दुसरा एखादा आठवडा निवडावा.

ज्यांचे अंदाजपत्रक सहा-सात हजार रुपयांचे नाही, त्यांनी त्याच साली निघालेले पाचशे येनचे तांबे-निकेलचे नाणे घ्यावे. ते १३ ग्रॅमचे आणि ३० मिलिमीटरचे आहे, त्यावरही शोवा ६१ हेच वर्ष आहे आणि प्रसंगही तोच आहे. ते चांदीच्या नाण्याहूनही कितीतरी अधिक संख्येने पाडले गेले असल्यामुळे चांगल्या स्थितीतले नाणे निवडून घेता येते. दर्शनी मूल्याच्या दुपटीपेक्षा जास्त किंमत कोणी सांगितली तर दुसरा विक्रेता शोधावा.